पुटपुटी आणि मधला ‘न’

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी ते विचारू नका. तेव्हा लोक बोरूने लिहीत आणि शाई घरी घोटत, एवढे कळले तरी पुरे. त्या काळी एका राज्यात नदीकाठच्या टेकडीवर एक लेखनशाळा होती. राजाचे सगळे हुकूम तिथली मुलेमुली लिहून देत, आणि उरलेल्या वेळात गोष्टी लिहीत, गाणी रचत आणि एकमेकांच्या चुका काढत.

लिहिणारी माणसे कशी असतात हे तुम्हाला ठाऊक असेलच. नसेल तर सांगतो.

त्या शाळेत एक मुलगा विचार करताना बोरू चावायचा. त्याचे ओठ बाराही महिने काळे. त्याला सगळे चावऱ्या म्हणत. एक मुलगी लिहायला बसण्याआधी बैठक झाडायची, बोरू तासायची, तो मनासारखा झाला नाही म्हणून दुसरा तासायची, शाई ढवळायची, आणि तेवढ्यात जेवणाची घंटा व्हायची. एकाला वाटेत पडलेला कागदाचा कपटासुद्धा वाचल्याशिवाय ओलांडता येत नसे. आणखी एक जण पाणवठ्यावर बसून बायकांची भांडणे ऐकायचा, आणि कुणी हटकलेच तर म्हणायचा, “शब्द गोळा करतोय.” तिथे गोळा झालेले शब्द बहुतेक वेळा शाळेत वाचून दाखवण्याजोगे नसत.

काही जण समुद्रापलीकडची भाषा शिकत होते. त्या भाषेत लिहितात एक आणि म्हणतात दुसरेच. काही अक्षरे तर शब्दात नुसती बसायला येतात, तोंडातून चकार शब्द काढत नाहीत. ती शिकणारी मुले बाजारातही ओठ हलवत फिरायची. भाजीवाली विचारायची, “बाळा, वांगी घ्यायचीत का नुसता जप करायचाय?”

लोक हसायचे. पण हुकूम, आमंत्रण, करार, काहीही लिहून घ्यायचे झाले की टेकडीच चढायचे.

या सगळ्यांत एक मुलगी होती. तिचे खरे नाव तिच्या आईला आठवत असेल. आपण लिहिलेले प्रत्येक वाक्य ती हलक्या आवाजात स्वतःला वाचून दाखवायची, मान हलवायची, खोडायची, पुन्हा लिहायची, पुन्हा वाचायची. म्हणून ती पुटपुटी. तिच्या कानामागे एक बोरू कायम खोचलेला असायचा. झोपतानाही तो काढायची आठवण राहत नसे, त्यामुळे तिच्या उशीलाही शाईचे डाग होते.

पुटपुटीच्या घरचे लोक नदीच्या पात्रात कलिंगडे पिकवायचे. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत खड्डे घेऊन वेल लावायचे, तिथेच झोपडी घालून राहायचे आणि जत्रेत फळे विकायचे. त्या फळांवर त्यांचे अख्खे वर्ष निघायचे.

आता झाले असे, की त्या राज्याला एक नवा कारभारी मिळाला. माणूस वाईट नव्हता, हे मी आधीच सांगून टाकतो. त्याला फक्त नीटनेटकेपणाचे वेड होते. त्याच्या अंगरख्यावर सुरकुती नसे आणि त्याच्या बागेत एकही पान वेडेवाकडे राहत नसे. असा माणूस एके दिवशी लेखनशाळेत आला.

त्याने पाहिले, एक जण खिडकीबाहेर बघत बसलाय. एक जण बोरू चघळतोय. एक मुलगी भिंतीशी बोलतेय. आणि कागद तर बघायलाच नको. जिकडेतिकडे खोडलेले शब्द, वर लिहिलेले शब्द, समासातून वर चढलेले शब्द.

“ही शाळा आहे का कोंबड्यांचा खुराडा?” त्याने पंतोजींना विचारले.

पंतोजी म्हातारे होते. ते म्हणाले, “साहेब, लिहिणं असंच होतं.”

“यापुढे नाही होणार,” कारभारी म्हणाला.

दुसऱ्याच दिवशी शाळेच्या दारावर एक फळी लागली आणि गावोगावी दवंडीही पिटली गेली. लिहिताना कुणी पुटपुटायचे नाही. खिडकीबाहेर बघायचे नाही. शब्दाशब्दांत फटी सोडायच्या नाहीत, कारण राजाचा कागद महाग असतो आणि फटी दात पडल्यासारख्या दिसतात. आणि सगळ्यात मोठा नियम असा : ज्या कागदावर खाडाखोड असेल तो बाद. तो कुणी मानायचा नाही, आणि खाडाखोड करणाऱ्याचे नाव शाळेतून कमी.

शाळा एकदम शांत झाली. कागद इतके सुंदर दिसू लागले की कारभारी ते पाहुण्यांना दाखवू लागला. मुलांनी गोष्टी लिहायचे मात्र सोडून दिले. पहिल्या फटक्यात बरोबर यायला हवी अशी गोष्ट कुणाला लिहिता येते? मला तर येत नाही, आणि ज्यांना येते असे ते सांगतात त्यांच्यावर माझा विश्वास नाही.

त्या वर्षी थंडी लांबली आणि कलिंगडाचे वेल उशिरा धरले. दरवर्षीची रीत अशी होती, की नदीच्या वरच्या अंगाला जे मोठे तळे होते त्याचे दार जत्रेआधी उघडायचे. नदीला पाणी यायचे आणि जत्रेकरूंची आंघोळ व्हायची. एरवी तोवर कलिंगडे उतरून झालेली असायची. यंदा ती अजून वेलावरच होती. नदीपात्रातल्या कलिंगडांच्या वाडीवाल्यांनी राजाकडे जाऊन हात जोडले. राजा समजूतदार होता. तो म्हणाला, “फळं उतरू देत. जत्रेकरू यंदा विहिरीवर आंघोळ करतील. तळ्याचं दार सांभाळणाऱ्या पाटकऱ्याला तसा हुकूम धाडा.”

हुकूम लिहायला शाळेत आला आणि पुटपुटीच्या पुढ्यात पडला. आपल्याच आईच्या वेलांचा हुकूम आपल्या हातून लिहायचा, म्हणून ती जरा ताठ बसली. तिने नियमाप्रमाणे ओठ मिटून, फट न सोडता, एका रेघेत लिहिले :

जत्रेआधीतळ्याचेदारउघडूनये

अक्षर मोत्यासारखे आले होते. कारभारी मागे उभा होता, त्यालाही ते आवडले. त्याने कागद उचलायला हात पुढे केला, आणि सवय वाईट असते म्हणा की चांगली असते म्हणा, पुटपुटीचे ओठ हलले. तिने ते वाक्य स्वतःला वाचून दाखवले. वाचताना तिने नको तिथे श्वास घेतला, आणि ती दचकली.

तिने पुन्हा वाचले. मग कानामागचा बोरू काढला आणि ‘डू’ आणि ‘न’ यांच्या मध्ये एक उभी रेघ मारली.

“हे काय केलंस?” कारभारी म्हणाला.

“साहेब, यात दोन हुकूम झालेत. ‘दार उघडू नये’ असंही वाचता येतं आणि ‘दार उघडून ये’ असंही. मधला न कुणाचा ते कागदाला कळत नाही.”

“राजानं उघडू नको म्हटलंय. सगळ्यांना ठाऊक आहे.”

“इथल्या सगळ्यांना. पाटकरी तिथं वर एकटा असतो. तो दरवर्षी जत्रेआधी दार उघडतो. सवयीनं तो तेच वाचेल.”

“अक्षर एकही चुकलेलं नाही,” कारभारी म्हणाला. “चुकलीय ती ही रेघ.”

“रेघ राहू द्या. नाहीतर मला फट सोडून पुन्हा लिहू द्या.”

“दोन्ही नियमात बसत नाही. रेघ चुकून पडली म्हण, म्हणजे या खेपेला सोडून देतो.”

पुटपुटीने शाळेवरून एकदा नजर फिरवली. सगळ्या माना खाली होत्या. “चुकून नाही पडली,” ती म्हणाली. “मी मारलीय.”

तिचे नाव तिथल्या तिथे कमी झाले. कागद फाडला गेला. चावऱ्याला बोलावून नवा कागद लिहून घेतला, स्वच्छ, एका रेघेत, बिनफटीचा. चावऱ्याने बोरू चावला नाही आणि पुटपुटीकडे बघितलेही नाही. पंतोजी मात्र खिडकीबाहेर बघत राहिले, तशी बंदी असूनही. घोडेस्वार कागद घेऊन तळ्याकडे निघून गेला.

पुटपुटी टेकडी उतरली. ती रडत होती, हे लपवायचे कारण नाही. तळ्याकडची वाट नदीच्या पात्रातूनच जात होती. आई वेलाखाली गवत सारत होती. वाळूवर हिरवी, चट्ट्यापट्ट्यांची कलिंगडे उन्हात पडली होती.

“आज शाळा लवकर सुटली व्हय?” आईने विचारले.

पुटपुटीने सगळे सांगितले.

आई उठून उभी राहिली. “राजानं तर शब्द दिला हुता.”

“शब्द बरोबर दिला गं. लिहिताना तो दुसऱ्याला चिकटला.”

“म्हंजी पानी येनार?”

“येईल. तुम्ही काठावर चला.”

“आमी जाऊ काठावर,” आई म्हणाली. “पर वेल कसं न्यायचं? ही रानभर पोरंच हाईत की माजी.” मग तिने लेकीचे डोळे पदराने पुसले आणि जरा रागानेच म्हणाली, “तुला कळलंय तर हितं काय हुबी राहतीस? जा की वर.”

पुटपुटी धावत सुटली.

तळ्यावर पाटकरी नवा फेटा बांधून तयार होता. गाठोडे बांधून ठेवले होते, मिशांना तेल लावले होते. त्याची सारी हयात तळ्याच्या दारावर गेली होती. जत्रा म्हणजे काय ते त्याने फक्त ऐकले होते. तो दाराच्या चाकावर हात ठेवणार, तेवढ्यात पुटपुटी धापा टाकत पोचली.

“मामा, थांबा. दार उघडू नका.”

“का गं? राजाचा हुकूम हाय.” त्याने फेट्यातून कागद काढला आणि बोट फिरवत वाचला, “‘जत्रेआधी तळ्याचे दार उघडून ये.’ बघ. ये म्हनलंय मला. आजवर राजानं कवा ये म्हनलं नव्हतं.”

पुटपुटीला वाईट वाटले. पण ती म्हणाली, “मामा, जरा अलीकडे थांबून वाचा. उघडू. मग थांबा. मग नये.”

पाटकऱ्याने तसे वाचले. त्याचा चेहरा उतरला. त्याने पुन्हा पहिल्यासारखे वाचले, पुन्हा तिच्यासारखे वाचले. “दोन्ही बी बसतंय की,” तो म्हणाला. “मग खरं कंचं?”

“नये. खाली वाड्या आहेत. फळं अजून वेलावर आहेत. माझी आई तिथं आहे.”

“तू कोन?”

“शाळेत होते. आज काढलं मला.”

पाटकरी विचारात पडला. “पोरी, तुजं खरं बी असंल. पर मी राजाचा कागद मानू का शाळेतनं काढल्याली पोर मानू? दार न्हाई उघडलं आन् हुकूम उघडायचा असला, तर माजं काय?” त्याने कागद कट्ट्यावर ठेवला, वर दगड ठेवला आणि पुन्हा चाकाला हात घातला. चाक कुरकुरले.

समजावण्यासारखे आता काही उरले नव्हते. पुटपुटीने कानामागचा बोरू काढला. त्याच्या टोकाला शाई वाळली होती. तिने ते चावऱ्यासारखे तोंडात धरून ओले केले. मग दगड बाजूला सारून तिने राजाच्या कागदावर, शिक्क्याच्या अगदी शेजारी, या टोकापासून त्या टोकापर्यंत एक काळीकुट्ट आडवी रेघ ओढली.

पाटकऱ्याचे हात चाकावरच राहिले. “अगं, काय केलंस? राजाचा कागद! हात तोडतील तुजा.”

“तोडू देत. मामा, दवंडी ऐकली होती ना? खाडाखोडीचा कागद काय?”

“बाद,” पाटकरी म्हणाला. दवंडी त्याच्याही कानावर आली होती.

“मग बाद कागदावर दार उघडाल?”

पाटकऱ्याने त्या रेघेकडे पाहिले. त्याने चाकावरचे हात काढले. “न्हाई,” तो म्हणाला. “आता इचारायलाच जावं लागंल.”

“चला. मीपण येते. रेघ मी मारलीय, ते मीच सांगेन.”

दोघे दरबारात पोचले तेव्हा पुटपुटीचे ओठ शाईने काळे होते आणि पाटकऱ्याचा नवा फेटा सुटला होता. कारभाऱ्याने कागद पाहिला आणि त्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. “महाराज, हीच ती मुलगी. आधी एक कागद खराब केला, आता शिक्क्याचा केला.”

राजाने कागद हातात घेतला आणि रेघेखालून वाचला, “‘जत्रेआधी तळ्याचे दार उघडू नये.’ बरोबर तर आहे. मी हेच सांगितलं होतं. मुली, यात तुला काय खुपलं?”

“महाराज, तुम्हाला आधीच ठाऊक आहे म्हणून तुम्ही बरोबर वाचलंत,” पुटपुटी म्हणाली. “ज्याच्यासाठी लिहिलंय त्याला विचारा.”

राजाने पाटकऱ्याकडे पाहिले. पाटकरी ओशाळला. फेट्याचे टोक हातात गुंडाळत तो म्हणाला, “म्या तर ‘उघडून ये’ वाचलं, म्हाराज. चाकाला हात घातला हुता. म्हनून तर ह्यो फेटा.”

राजा उठला आणि सज्जात गेला. खाली नदीचे पात्र दिसत होते, वाळूत हिरवे पट्टे, झोपड्या, फळांवर गवत पसरणारी माणसे. तो परत आला तेव्हा त्याचा आवाज बदलला होता.

“कारभारी, या पोरीनं तुम्हाला हे सांगितलं होतं का?”

“सांगितलं होतं, महाराज. पण अक्षर एकही चुकलेलं नव्हतं.”

“अक्षरं सगळी बरोबर होती,” पुटपुटी म्हणाली. “आणि माझी आई त्या बरोबर अक्षरांत बुडाली असती.”

राजाने कोरा कागद आणि बोरू मागवला.

“बसा,” राजा कारभाऱ्याला म्हणाला. “पाटकऱ्याला नवा हुकूम तुम्ही लिहा. असा लिहा की त्यातून दुसरा अर्थ निघता कामा नये. निघाला आणि कुणी बुडालं, तर जबाब तुम्ही द्यायचा.”

कारभाऱ्याने बोरू घेतला. ‘तळ्याचे दार’ एवढे लिहिले आणि थांबला. आता त्याला प्रत्येक शब्दाची भीती वाटू लागली. ‘बंद ठेव’ लिहिले. कधीपर्यंत ते राहिलेच, म्हणून ते खोडले. ‘जत्रेपर्यंत बंद’ लिहिले. मग जत्रेच्या पहिल्या दिवशीच त्याने उघडले तर? तेही खोडले. त्याने वर पाहिले, खिडकीबाहेर पाहिले, ओठ हलवत वाक्य स्वतःला म्हणून पाहिले, मान हलवली, पुन्हा खोडले. कागद संपत आला तेव्हा त्याच्या लक्षात आले, की बोरूचे दुसरे टोक आपण केव्हापासून चावत आहोत.

शेवटी त्याने फटी सोडून लिहिले : ‘फळे उतरून संपेपर्यंत तळ्याचे दार बंद ठेव. संपली की निरोप येईल. निरोपाआधी दाराला हात लावू नकोस.’ वर सगळी खाडाखोड, खाली हे तीन वाक्यांचे बेट. पाटकऱ्याकडून ते वाचून घेतले. एकच अर्थ निघाला.

“हा कागद मात्र नियमानं बाद आहे,” राजा म्हणाला.

कारभाऱ्याने मान खाली घातली. त्याचा अंगरखा प्रथमच चुरगळला होता आणि त्यावर शाई सांडली होती.

मग राजा पुटपुटीला म्हणाला, “तुला शाळेत परत घेतो. फक्त शिक्क्याच्या कागदावर रेघ मारलीस, त्याची रीतसर माफी माग. रीत म्हणून.”

पुटपुटी म्हणाली, “नाही मागणार, महाराज. चूक खोडल्याची माफी मागितली, तर उद्या शाळेत कुणी चूक खोडणार नाही. मला घ्यायचं तर रेघेसकट घ्या.”

राजाला राग आला. राजे झाले तरी माणसेच असतात. पण त्याची नजर त्या दोन कागदांवर गेली, एक सुंदर आणि एक खरा, आणि त्याचा राग उतरला. “घेतली, रेघेसकट,” तो म्हणाला. “आणि शाळेच्या दारावरच्या त्या फळीचं काय करू? उतरवू?”

“उतरवू नका,” पुटपुटी म्हणाली. हे बोलताना ती ‘उतरवू’वर अंमळ थांबली आणि मग ‘नका’ म्हणाली. “मला फक्त तिच्यापर्यंत जाऊ द्या.”

ती टेकडी चढून गेली. सगळी शाळा दारात आली. तिने फळीवरच्या नियमांवर एक आडवी रेघ मारली. मग चावऱ्याने तिच्या हातातून बोरू घेतला, दुसरी मारली, आणि तोच बोरू दातांत धरला. पंतोजींनीही एक मारली, थरथरत्या हाताची, सगळ्यात वाकडी. ती फळी तशीच दारावर राहिली, म्हणजे आत येणाऱ्याला कळावे की इथे खोडता येते.

कलिंगडे उतरली, जत्रा भरली, आणि पाटकऱ्याला राजाने स्वतःच्या हाताने एक कागद पाठवला. भल्यामोठ्या कागदावर चहूकडे जागा सोडून एकच अक्षर होते : ‘ये’. पाटकऱ्याने ते दोनदा वाचून पाहिले, आणि नवा फेटा बांधला.

तात्पर्य : जिथे खोडायची बंदी असते, तिथे चूक निर्धास्त राहते.